तेक्बरच्या घरात न शिरलेली गोळी

वाळवंटातल्या अतार गावच्या बाजारात मलहफ्यांची गल्ली विचारा आणि तिथं तेक्बर मिन्त सिदातीचं नाव घ्या, शेंबडं पोरही दुकान दाखवील. दुकान कसलं, वर पत्रा, खाली चटई, आणि चटईवर बायकांच्या त्या लांबलचक रंगीत मलहफ्यांचे गठ्ठे. बाजूला मेंदी, धूप, काचेचे मणी. पण हा सगळा दाखवायचा माल. खरा माल तेक्बरच्या मांडीखाली असायचा: प्लास्टिकच्या तुकड्यात गाठ मारून बांधलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्या. बाजारात त्यांना भरणीची गोळी म्हणतात. वाळकी पोरगी ती खायला लागली की बघता बघता भरते. गाल येतात, मान जाड होते, दंड कपड्यात मावेनासे होतात. आमच्याकडे पोरीचं लग्न जमायला तेवढं पुरतं.

तेक्बर स्वतः मात्र काटकुळी. गिऱ्हाईक बाया तिला चिडवायच्या, "अगं, गावाला भरतेस आणि स्वतः अशी हाडं मोजायला बसलेली?"

"मी भरले तर हे गठ्ठे कोण उचलणार? तुझा नवरा?" असं म्हणून ती गाठ पुढे सरकवायची. बाया हसत हसत घेऊन जायच्या. जीभ अशी की वाळवंटात वाळू खपवली असती.

त्या काटकुळेपणानंच तिचा संसार मोडला होता. पोरगी रांगायलाही लागली नव्हती तेव्हा नवऱ्यानं आपल्या बहिणीसमोर तिला तोंडावर सांगितलं, "मी बाईशी लग्न केलं होतं, तंबूच्या खांबाशी नाही." झालं, तलाक. आमच्याकडे तलाक मिळालेल्या बाईपाशी कुणी रडत बसत नाही. मैत्रिणींनी ढोल वाजवला, मेंदी काढली, तेक्बरही नटूनथटून हसली. पण तो खांब तिच्या घशात अडकला तो अडकलाच. एका शब्दाचा सूड तिनं असा घेतला की गावात सडपातळ म्हणून पोरगी ठेवली नाही.

गोळीचं खरं नाव तिला ठाऊक होतं. औषधाच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं एकदा तिला बोलावून खोका दाखवला होता आणि वरच्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाला होता, "हे डेक्सा आहे. आजाऱ्याला मोजून चार दिवस द्यायचं औषध. तू महिनोन्महिने चारतेस. अंग भरत नाही बाई, सुजतं. आतून हाडं पोखरतात. आणि एकदम बंद केली तर माणूस उभ्याचा आडवा होतो." त्याला हे सुचलं ते शिंप्याच्या पोरीवरून. ती पोर वर्षभर तेक्बरकडचीच गोळी खात होती. लग्न झालं, सासरी गेली, तिथं गोळी मिळेना. चार दिवस उलट्या केल्या आणि गेली.

तेक्बर मयताच्या घरी गेली. पोरीच्या आईला मिठीत घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नजर लागली गं. एवढं भरलेलं अंग कुणाच्या डोळ्यांत सलणार नाही?" घरी येऊन हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी चटई अंथरली. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. वाटलं, खूप वाटलं, आणि तरी अंथरली. माणसं अशीच असतात, तेक्बर थोडी जास्त होती एवढंच.

त्या दिवसापासून तिनं एक नियम केला. गावभर ती गोळी गेली तरी चालेल, स्वतःच्या घरात शिरता कामा नये. आणि सल्का, तिची एकुलती एक, आईसारखीच काटकुळी निघालेली. मग तिला भरायची कशी? जुन्या रीतीनं, दुधावर. उंटिणीच्या दुधाचं भलंमोठं कटोरं पोरीच्या तोंडाला लावायचं आणि पायाच्या बोटांभोवती दोन काड्या धरून बसायचं. घोट थांबला की काड्या आवळायच्या. काही घरांत या कामाला बाई ठेवतात. तेक्बर स्वतः करायची. पोर ओकायची, तेक्बर कटोरं पुन्हा भरायची.

"आई, सगळ्यांना गोळी देतेस, मला दे ना," सल्का रडत म्हणायची. "नज्वाला तिच्या आईनं गोळी दिली. तिला कुणी काड्या लावत नाही."

"माझ्या घरात ती गोळी नाही."

"का नाही?"

उत्तर म्हणून काड्या आवळल्या जायच्या. का, ते तेक्बरनं कधीच सांगितलं नाही. सांगायचं तर शिंप्याच्या पोरीपासून सांगावं लागलं असतं. सल्काला वाटायचं, आई आपल्या बाबतीतच कंजूष आहे. ती माया होती. हातात काड्या घेऊन केलेली, पण मायाच, आणि तिनंच पुढं घात केला.

सल्काचं लग्न झालं. नवरा ज़ुवेरातच्या लोखंडाच्या खाणीवर. पहिलटकरीण म्हणून ती आईकडे आली तेव्हा खजूर पिकायला लागले होते. गेटनाचे दिवस. गावातली अर्धी माणसं त्या दिवसांत खजुरीच्या राईतल्या झोपड्यांत जाऊन राहतात, खजूर खातात, दूध पितात, चहावर चहा उकळतात. तेक्बरही पोरीला घेऊन राईत उतरली होती. शेजारच्याच झोपडीत मिन्नतू होती, तिची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. धिप्पाड, तोंडाळ आणि मनानं मोकळी. तिची नज्वा म्हणजे सल्काची बालमैत्रीण. तिलाही दिवस गेलेले. दोघींना सातवा चालू होता.

त्या आठवड्यात गरम वारं सुटलं होतं. नज्वाला सकाळी अंगावरून जायला लागलं म्हणून मिन्नतू तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. दुपारच्या जेवणानंतर सल्का चटईवरून उठली आणि खाली ओलं दिसलं. मग पोटात कळ आली. तेक्बरनं मिळेल ती गाडी धरली.

दवाखान्यातली सुईण कुंबा, दक्षिणेकडली, नदीकाठची. रंगानं काळी, बोलायला सरळ. आमच्या मूर बाया तिच्याकडून बाळंत होतात आणि मागून तिला नावं ठेवतात, ते तिलाही ठाऊक होतं. तिनं सल्काला तपासलं, पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकले आणि तेक्बरला म्हणाली, "मावशी, हे पोर लवकर येणार. बाकी सगळं झालंय त्याचं, फुप्फुसं कच्ची आहेत. आतून चिकटतात. एक श्वास घेतला की पुढच्याला उघडत नाहीत. कळा एखाद-दोन दिवस थोपवायला मी औषध देते. तेवढ्या वेळात पोरीला थांबून थांबून इंजेक्शनं द्यायची. ते औषध तिच्या रक्तातून बाळाला पोचतं आणि फुप्फुसं पिकवतं."

"पिकवतं?"

"खजूर पिकतो तसं. फक्त लवकर."

तेक्बरला ते पटलं. पटलं होतं, हे सांगायलाच हवं. मग कुंबानं ट्रेमधून काचेची बारकी बाटली उचलली आणि तेक्बरची नजर अक्षरांवर गेली. तिला वाचता येत नव्हतं, पण तेवढी अक्षरं ती झोपेतही ओळखली असती.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"डेक्सा."

"नको."

"काय नको?"

"हे नको. दुसरं काही दे."

"यावर दुसरं काही नाही," कुंबा म्हणाली. आणि मग आवाज खाली करून, "मावशी, तुम्ही बाजारात काय विकता ते मला माहीत आहे. तुमच्या गोळ्यांनी सुजलेल्या बायका मीच तपासते. पण ही गोष्ट वेगळी. मोजून, दोन दिवस, की बंद. एवढ्यानं आईला काही होत नाही."

तेक्बरच्या डोळ्यांपुढे शिंप्याची पोर उभी राहिली. पांढरं कापड गुंडाळलेली. चार दिवस द्यायचं औषध, असं तो म्हाताराही म्हणाला होता, पण ते तिला आठवलं नाही. माणूस आडवा होतो, एवढंच आठवलं. ती ओरडून सांगू शकली असती, की मला भीती वाटते, मी या गोळीनं मेलेली पोरगी पाहिली आहे. तसं म्हणाली असती तर कुंबानं तिला समजावलं तरी असतं. पण दोन हातांवरच्या नज्वाच्या खाटेशी मिन्नतू बसली होती, कान टवकारून. मिन्नतूनं ऐकलं म्हणजे संध्याकाळपर्यंत बाजारानं ऐकलं.

म्हणून तेक्बर खोटं बोलली. "आमच्या घराण्याला सुई सोसत नाही. आणि सातव्याचं पोर जगतं. आठव्याचं मरतं. आमच्या आज्यांना हे ठाऊक होतं, तू नदीपल्याडून येऊन आम्हाला शिकवू नकोस."

कुंबाच्या तोंडावर रेघ हलली नाही. "सातव्याची किती पोरं जगतात ते मी रोज बघते," ती म्हणाली. "पोरी, तू सांग. अंग तुझं आहे."

सल्कानं फोन करून नवऱ्याला विचारलं. खाणीतल्या खडखडाटात तो ओरडला, "सासूबाई म्हणतील तसं कर!" आणि आवाज गेला.

तोवर मिन्नतूला राहवेना. ती उठून आली. "ए सुईणबाई, हे तेच का? आपल्या तेक्बरच्या गोळीतलं?"

"औषध तेच," कुंबा म्हणाली. "पण बाजारात चालतो तो कसाईपणा, आणि हा इलाज."

मिन्नतूनं पहिले दोन शब्द ऐकले, बाकीचे तिला हवे नव्हते. तिनं टाळी वाजवली. "बघ गं तेक्बर! शेवटी सरकारलासुद्धा तुझ्याच मालाची गरज पडली! टोच बाई माझ्या नज्वाला, आत्ताच्या आत्ता टोच. लग्नाआधी खाल्लीय तिनं, तिला पचते."

कुंबानं नज्वाच्या मांडीत सुई टोचली. तेक्बर बघत होती. तिच्या समजुतीप्रमाणं तिच्यासमोर एका गरोदर पोरीच्या अंगात विष जात होतं. मुलीची मैत्रीण, तिच्याच अंगणात खेळलेली. एका शब्दानं ती ते थांबवू शकली असती. ती आपल्या नखांवरची मेंदी बघत बसली. मनात म्हणाली, हिचं काही खरं नाही. 

"मग सल्काला का नको म्हणतेस?" मिन्नतूनं विचारलं.

"तिला नाही सोसत."

"असेल बाई," मिन्नतू म्हणाली. तिला कुणाचंही पटायचं.

थोड्या वेळानं तेक्बर नमाजासाठी वजू करायला, हातपाय धुवायला बाहेर गेली. परत आली तर सल्का कुशीवर वळलेली, मांडी उघडी, आणि कुंबाच्या हातात भरलेली सुई. पोरीनं स्वतः बोलावलं होतं तिला. तेक्बरनं कुंबाचं मनगट धरलं. सुई फरशीवर पडली, तिच्यावर तिनं चप्पल ठेवली.

"आई, सोड ना," सल्का म्हणाली. "नज्वानं घेतलं. तिला काही नाही झालं. मला फक्त एवढं सांग, का नको?"

"घेतलंस तर माझं दूध तुला हराम. माझ्या जनाज्याला हात लावायला येऊ नकोस."

सल्का आईकडे बघत राहिली. तिनं पायाची बोटं आत ओढून घेतली, लहानपणी घ्यायची तशी, आणि मलहफा मांडीवर सारखा केला. कुंबा दुसरी बाटली आणायला वळली होती, ती थांबली.

"सकाळपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली. सकाळी पुन्हा आली, पुन्हा विचारलं. सल्का भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आईला विचारा."

तिसऱ्या दिवशी कळा थोपवून थोपल्या नाहीत. मुलगा झाला. लालबुंद, तेक्बरच्या तळहाताएवढ्या पाठीचा, नाकडोळे सगळं जागच्या जागी. रडलासुद्धा. तेक्बरनं आनंदानं जीभ हलवून आरोळी दिली. तिला वाटलं, बघा, जिंकले मी.

मग तो कण्हायला लागला. प्रत्येक श्वासाला बारीक कण्हणं. नाकपुड्या फुलत, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाई, छातीचा मधला भाग खड्डा पडल्यासारखा खाली जाई आणि वर येई. कुंबानं नाकाशी प्राणवायूची नळी धरली. मोठं यंत्र राजधानीत, आणि राजधानी दिवसभराच्या रस्त्यावर. ओठ निळे पडत गेले. कुंबा पिशवी दाबत राहिली. घाम तिच्या हनुवटीवरून टपटपत होता, आणि तेक्बर, जिनं तिला नदीपल्याडची म्हणून हिणवलं होतं, तिच्याच बाहीला धरून म्हणत होती, "ते दे आता. ते डेक्सा दे. त्याला दे."

"आता त्याचा उपयोग नाही," कुंबा म्हणाली. "ते आधी द्यायचं असतं."

दुपारच्या दुसऱ्या नमाजाची बांग झाली तेव्हा पिशवी दाबायचं तिनं थांबवलं.

सल्का रडली नाही. तिनं कुंबाला विचारलं, "घेतलं असतं तर जगला असता?"

"शपथ नाही घेऊ शकत. पण घेतलेल्यांची बरीचशी जगतात."

सल्कानं मान हलवली. मग आईकडे वळून, "तुला कसली भीती होती, आई?"

"अल्लाची मर्जी," तेक्बर म्हणाली. तेव्हाही सांगितलं नाही तिनं. खोलीत मिन्नतू होती ना.

दुसऱ्या दिवशी नज्वा बाळंत झाली. मुलगी. सल्काच्या पोरापेक्षाही बारीक. थोडी कण्हली, पहिली रात्र नळीवर काढली, आणि मग तिचा श्वास मार्गी लागला. कुंबानं तिला नज्वाच्या उघड्या छातीवर ठेवून वरून मलहफ्यानं बांधलं. पलीकडच्या खाटेवर सल्का दूध उतरून दगड झालेल्या छातीला ओली फडकी लावून पडली होती. मैत्रिणीच्या पोरीचा बारीक आवाज तिला ऐकू येत होता.

सातव्या दिवशी मिन्नतूनं दवाखान्यातच, नज्वाच्या खाटेवर, नावाच्या काड्या टाकल्या. रीत अशी की तीन काड्यांना तीन नावं द्यायची आणि बाळाच्या आईनं एक उचलायची. मिन्नतूनं तिन्ही काड्यांना एकच नाव दिलं. पोरीचं नाव पडलं तेक्बर.

"तुझ्याच गोळीनं वाचली, मग नाव दुसरं कुणाचं ठेवू?" बाजारभर सांगत सुटली ती. महिन्या-दीड महिन्यानं पोर घरी आली तेव्हा बोकड कापला आणि राईतल्या झोपडीसमोर चटया अंथरल्या. खजूर उतरून संपले होते. तेक्बरला न जाऊन चालणार नव्हतं. सल्का म्हणाली, "मीही येते." तिनं स्वतःहून काही बोलायची त्या दिवसांतली ती पहिलीच वेळ.

मिन्नतूनं तेक्बरला मधल्या उशीवर बसवलं आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. बाळ श्वास घेत होतं. छाती वर, छाती खाली, कुठं खड्डा नाही, कुठं कण्हणं नाही. तेक्बरला ते बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती. तेवढ्यात शेजारची एकजण खेटून बसली. "मावशी, माझ्या सुनेला पाचवा लागलाय. गोळी आतापासून चालू करू? म्हणजे पोराची फुप्फुसं मजबूत होतील."

"माझ्या पोरीला चौथा," दुसरी म्हणाली. "रोज दोन दिल्या तर?"

"मोजून दोनच दिवस," "आधी दवाखान्यात विचार," "ही ती नव्हे." तेक्बरच्या ओठांवर हे सगळं आलं. आलं आणि तिथंच बसलं. ते बोललं की पुढचं बोलावं लागलं असतं, आणि त्याच्या पुढचं, थेट शिंप्याच्या दारापर्यंत. ती म्हणाली, "दुकानावर ये. बघू."

सल्का समोरच बसली होती. तिनं चहाचा पेला खाली ठेवला.

"आई, मला पण दे."

"काय?"

"भरणीची गोळी. कमरेला गाठी बांधून आली आहेस, मला माहीत आहे. सगळ्यांना देतेस. मलाच कधी दिली नाहीस, आणि माझ्या पोरालाही पोचू दिली नाहीस. का नाही, ते ह्या सगळ्यांना सांग."  चहा ओतणारीचा हात थांबला. "सांग. नाहीतर दे."

"सल्का, घरी बोलू."

"घरी खूप विचारलं. इथं सांग."

"दे की गं पोरीला," मिन्नतू लाडानं म्हणाली. "दुःखानं किती वाळलीय बघ. भरेल जरा. पुढच्या खेपेला होईल सगळं नीट."

सगळ्या तेक्बरकडे बघत होत्या. ही तिची गिऱ्हाइकं, हा तिचा बाजार, तंबूचा खांब म्हणवून घेतल्यावर तिनं दातओठ खाऊन उभं केलेलं सगळं आयुष्य तिथं चटयांवर बसलं होतं. आणि समोर तिची पोर. तेक्बरनं तोंड उघडलं. सल्का पुढे झुकली. क्षणभर तिच्या डोळ्यांत आशा दिसली, खरंच दिसली.

तेक्बरनं तोंड मिटलं. कमरेला हात घातला, गाठ सोडली आणि एक पांढरी गोळी पोरीच्या तळहातावर ठेवली.

सल्कानं गोळी जिभेवर ठेवली. मधलं दुधाचं कटोरं दोन्ही हातांनी उचललं आणि आईकडे बघत तळापर्यंत प्यायली. काड्या लावाव्या लागल्या नाहीत. कटोरं ठेवून तिनं ओठ पुसले आणि हात पुन्हा पुढे केला.

"एकीनं काय होतंय," ती म्हणाली. "उद्याची पण दे."